नाव घालणारा दादा आणि त्याचा लंडनवाला

मला वाईट बातम्या माईक हातात असतानाच येतात, हे माझं नशीब. खालापूरला एका मुख्याध्यापकांच्या निवृत्तीचा सत्कार होता आणि निवेदनाला अर्थातच मी होतो. सत्कारमूर्तींना नुकतंच ज्ञानाचा सागर म्हणून झालं होतं आणि मी करुणेच्या सागराकडे वळत होतो, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. प्रेक्षकांना 'आलोच' अशी खूण करून मी डाव्या हाताने फोन कानाला लावला. उजव्या हातातला माईक मात्र सवयीने तोंडाजवळच राहिला. आणि निर्मलावहिनींचा, म्हणजे बाळारामदादाच्या बायकोचा, आवाज सगळ्या सभागृहात घुमला, "माझाच आवाज मला ऐकू येतोय. भावजी, आधी तो माईक खाली ठेवा." सभागृह खो खो हसलं. मुख्याध्यापक हसले. मीही हसलो, मला वाटलं, दादाचा काहीतरी चावट निरोप असणार. माईक खाली ठेवला, पडद्यामागे गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "हे गेले. चहा मागितला म्हणून मी आत गेले. कप घेऊन आले, तर..." बाहेर लोक अजून हसत होते.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. बाळारामदादा माझा नात्याने कुणी नव्हता. कर्जतच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर तो चाळीस वर्षं बसला. एक लाकडी पाट, एक हातोडी आणि बोटाएवढ्या चार छिन्न्या, एवढंच त्याचं दुकान. भांडं विकत घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायचं ही आपल्याकडची रीत. लग्नाकार्यात शेजाऱ्यांची पातेली एकमेकांत मिसळतात, ती परत ज्याची त्याला जावीत म्हणून. आणि आहेर कुणी दिला ते सात जन्म लक्षात राहावं म्हणूनसुद्धा. अमक्याकडून तमक्यास सप्रेम भेट. पुढे विजेची मशीनं आली, घर्रकन अक्षर खरवडणारी. दादाने ती घेतली नाहीत. तो टक् टक् करत ठिपक्याला ठिपका जोडत जायचा आणि बघता बघता स्टीलवर टपोरं अक्षर उमटायचं. "मशीनने नाव खरवडतात," म्हणायचा, "मी बसवतो." आमची ओळख माझ्या ताईच्या लग्नातल्या भांड्यांवरून झाली. एकवीस भांड्यांवर नाव घालून होईपर्यंत मी, तेव्हाचा कॉलेजातला पोरगा, त्याच्या शेजारी बसून अखंड बडबडत होतो. शेवटचं भांडं पुसून तो म्हणाला, "तुझं तोंड नि माझी हातोडी, दोन्हींचा ठेका बरा जमतो. येत जा रं."

मी जात राहिलो. तीस वर्षांहून अधिक.

लंडनवाला त्याच्या आयुष्यात आला तो रद्दीतून. दुकानदार काचेची भांडी रद्दीत गुंडाळून द्यायचा. एक दिवस त्या रद्दीत कुठल्याशा इंग्रजी पुस्तकाची गुळगुळीत पानं आली. एका पानावर चित्र होतं: एक वेल, वेलीला लगडलेली माणसं आणि त्यांच्यामधून वळणं घेत गेलेल्या इंग्रजी कवितेच्या ओळी. दादा मॅट्रिकपर्यंत शिकलेला. कविता त्याला कळली नाही, पण अक्षरावरून त्याने बोट फिरवलं आणि मला म्हणाला, "पम्या, हे छापखान्यातले खिळे जुळवून छापलेलं नाय. हे घातलेलं हाय." मी विचारलं, कशावरून? तर एका अक्षराची शेपटी दाखवून म्हणाला, "हितं त्याचा हात घसरला. मंग त्याने काय केलं? घसरलेल्या रेषेचं पान केलं, वेलीला लावून टाकलं. मी पण हेच करतो. तुझ्या ताईच्या परातीवर बघ जाऊन, नावाखाली एक फूल हाय. ते फूल नाय, माझी चूक हाय."

घरी जाऊन पाहिलं. फूल होतं.

मी तेव्हा नुकता मुंबईला नोकरीला लागलो होतो. ग्रंथालयाचं कार्ड माझं, वाचक दादा. पान दाखवून शोध घेतला तेव्हा कळलं की हा दोनशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज कवी, चित्रकार आणि पोटासाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरकाम करणारा कारागीर. स्वतःच्या कविता स्वतःच पत्र्यावर घालायचा, स्वतःच छापायचा आणि बायको त्यांत रंग भरायची. जिवंतपणी फारसं कुणी विचारलं नाही. लोक वेडा म्हणायचे, कारण त्याला देवदूत दिसायचे. लहानपणी एकदा झाडाच्या फांद्याफांद्यांवर बसलेले दिसले. घरी येऊन सांगितलं, तर बापाचा मार खाता खाता वाचला. दादाने त्याचं नाव कधीच घेतलं नाही. "नाव घालणं हा माझा धंदा, फुकट कुणाचं घेत नाय," हे वर. त्याच्या तोंडी तो कायम 'आपला लंडनवाला'. मीही इथे तोच शिरस्ता पाळतो.

मग सुरू झाला अभ्यास. आणि मी अभ्यास म्हणतो तेव्हा अभ्यासच म्हणतो. शब्दकोश शेजारी ठेवून, एकेक ओळ अडखळत, आठवड्याला एक पान. न कळलेले शब्द तो दुकानाच्या पायरीवर खडूने लिहून ठेवायचा आणि मुंबईहून आलो की माझी परीक्षा घ्यायचा. मला एकही यायचा नाही. पण मी अभिनयाने उत्तर द्यायचो. नाट्यमय आवाजात, हात पसरून, काहीही. दादा पूर्ण ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "छान. आता खरं शोधू." वह्या भरत गेल्या. धुराडी साफ करायला विकलेल्या पोरांवर लंडनवाल्याने लिहिलंय हे कळलं त्या दिवशी दादाने काम थांबवलं. "माझा बाप सात वर्षांचा असताना वीटभट्टीवर होता," एवढंच म्हणाला, आणि ती कविता मराठीत उतरवून घेतली. मला दाखवली नाही. वहिनींना वाचून दाखवली.

माझा खोडसाळपणा असा की मला त्याची दुखरी जागा माहीत होती. दादाच्या बापाने बाबासाहेबांच्या मागोमाग दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गाठोड्यात बांधून उल्हास नदीत सोडले होते. दहिवलीच्या त्यांच्या घरात भिंतीवर बुद्ध, शेजारी बाबासाहेब, आणि खाली टेबलावर देवदूत पाहणाऱ्या माणसाची पुस्तकं. एकदा जेवताना मी मुद्दाम म्हणालो, "दादा, तुझ्या बापाने देव नदीत सोडले आणि तू मागच्या दाराने देवदूत आत घेतोयस. तेसुद्धा विलायती!" वहिनींनी डोळे वटारले. दादा शांतपणे भाकरी मोडत म्हणाला, "देवदूत मी मानत नाय. पण त्याला दिसले, हे मानतो."

"म्हणजे?"

"खोटं नाव घालताना हात थांबतो रं. एकदा एकाने दुसऱ्याचा हंडा आणला, म्हणाला माझंच नाव घाल. मला माहीत नव्हतं, पण त्याची नजर बघून माझी छिन्नी अडत होती. ह्या माणसाची मी चारशे पानं बघितली. हात कुठं अडला नाय. राजाला शिव्या देतो, भटाला देतो, देवळाला देतो, तिथं नाय अडला. देवदूत काढतो, तिथं पण नाय अडला. त्याला काय दिसलं ते त्याचं त्याला. पण दिसलं."

"आणि तुला? तुला काय दिसतं?"

दादाने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तेच तर," म्हणाला. "मला भांडी दिसतात."

तो हसला, पण मला माहीत होतं की हा विनोद नव्हता. कारण घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला तांब्याचा एक पत्रा होता. वहीच्या पानाएवढा, घासून आरशासारखा केलेला, कोरा. लंडनवाल्यासारखं एक पान आपलं स्वतःचं करायचं, एवढीच त्याची इच्छा. "चाळीस वर्षं लोकांची नावं घातली," म्हणायचा. "एक पत्रा माझा." लिहिणार काय, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "दिसंल तवा घालीन."

तोवर तयारी सुरू होती. पत्र्यावरून कागदावर छापायचं तर पत्र्यावर सगळं उलटं हवं, आरशातल्यासारखं. लंडनवाला उलटं लिहिण्यात पटाईत होता, म्हणून दादानेही ठरवलं. त्याने तांब्याच्या लहान तुकड्यांवर वहिनींच्या नेलपॉलिशने उलटी अक्षरं काढली आणि रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून तांबं खाणारं तपकिरी पाणी आणून त्यात ते तुकडे बुडवले. नेलपॉलिशखालचं तांबं वाचायचं, बाकीचं झिजायचं आणि अक्षर उठून यायचं. वरून शाई लावायची, कागद ठेवायचा आणि वाटीच्या बुडाने घासायचं. पहिला छाप 'दहिवली' असा आला, सुलटा, झळझळीत, तेव्हा साठीचा माणूस अंगणात नाचला. बाजारात मात्र कुजबुज सुरू झाली, की बाळाराम महिन्याला तीन बाटल्या नेलपॉलिश नेतो. वहिनींना बायका विचारू लागल्या. वहिनी म्हणायच्या, "मी नाय लावत. हे लावतात." आणि पुढे काही सांगायच्या नाहीत. मीही सांगितलं नाही. अशी अफवा फुकट मिळत असताना मोडणारा मी कोण?

उलटं लिहिण्याचा त्याला नाद लागला. पाटीवर उलटं, भाकरीच्या पिठात उलटं, वहिनींच्या रांगोळीशेजारी उलटं. आणि एप्रिलमध्ये लग्नसराई आली.

खालापूरकडच्या एका गावातलं लग्न. वधूपित्याने जवळच्या पाहुण्यांना द्यायला पंचवीस ताटं घेतली होती आणि त्यांवर वधूवरांची नावं दादाने घातली होती. निवेदक मी. जेवणं झाली, ताटं वाटली. माणसं ताट डोळ्यांजवळ नेत होती, लांब धरत होती, फिरवत होती. मग एक फेटेवाले आजोबा मोठ्याने म्हणाले, "मोडी हाय." दुसऱ्याने मान डोलावली, "मोडीच. जुन्या पद्धतीचं केलंय." मी एक ताट हातात घेतलं. पंचवीसच्या पंचवीस ताटांवरची नावं उलटी. दादा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. वधूपिता माझ्याकडे येत होता. मी माईक उचलला. "मंडळी! ही साधी ताटं नाहीत. ही जोडीची ताटं आहेत. एकट्याला ती वाचताच येणार नाहीत. आपलं ताट शेजाऱ्याच्या ताटासमोर धरा आणि त्याच्या ताटात आपलं वाचा. संसाराचंही असंच असतं!" काय सांगू... पाहुणे ताटाला ताट भिडवून बसले. घासलेल्या स्टीलमध्ये नावं सुलटी झाली. बायका हसू लागल्या, नवरी हसू लागली, व्याह्याने विहिणीच्या ताटात बघून घेतलं. वधूपित्याने माझी पाठ थोपटली आणि कानात म्हणाला, "सोमवारपर्यंत सुलटी करून हवीत."

दादाने चार दिवस बसून ताटं घासली, मूळ अक्षरं पुसली आणि पुन्हा नावं घातली. एक ताट मात्र वहिनींनी बाजूला काढलं, बदल्यात नवीन आणून दिलं. का, ते तेव्हा कळलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की पाचव्या दिवशी मी गेलो तेव्हा दोघं समोरासमोर बसले होते आणि वहिनी म्हणत होत्या, "वही उलटी लिवा, पाटी उलटी लिवा, मला काय नाय. पण लोकांच्या पोरीचं नाव उलटं झालं. धातूवर परत उलटं घालायचं नाय. वचन द्या." आणि दादाने खरंच त्यांच्या हातावर हात ठेवला. नेलपॉलिशच्या बाटल्या शेजारच्या पोरींना गेल्या. कोरा पत्रा बनियनमध्ये परत गेला. उलटं घालायचं नाही, तर छाप सुलटा येणार कसा? मी एकदा म्हणालो, "वहिनींना काय कळणार आहे? गुपचूप कर." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

एक प्रसंग सांगितलाच पाहिजे, कारण त्यात दोष सर्वस्वी माझा आहे. मुंबईच्या एका कॉलेजात लंडनवाल्यावर परिसंवाद होता. मी ओळखी काढून दादाचं नाव वक्त्यांत घुसवलं आणि ते घुसावं म्हणून नावामागे 'डॉ.' लावलं. दादाला हे व्यासपीठावर गेल्यावर कळलं. समोर डॉ. बाळाराम अशी पाटी. त्याने ती उचलली, 'डॉ.' वर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "हे चुकून लागलं. आमच्याकडे चूक झाली की फूल काढतात, पण हितं जागा नाय." मग वीस मिनिटं तो फक्त हाताबद्दल बोलला. कुठे दाब आहे, कुठे घाई आहे, कोणत्या पानावर लंडनवाला थकला होता, कुठे रंग बायकोचा आहे आणि कुठे त्याचा. एक प्राध्यापिका बाई उठून म्हणाल्या, "मी पंधरा वर्षं हा कवी शिकवतेय. त्याला हात होते हे आज कळलं." त्यांनी डब्याचं झाकण पुढे केलं आणि उलटं लिहून दाखवायची विनंती केली. दादा म्हणाला, "धातूवर नाय जमायचं बाई. बायकोला शब्द दिलाय." आणि खडू घेऊन फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने सगळ्यांचे आभार उलटे मानले.

आता कशेळे. माझ्या मनाला हीच गोष्ट सतावत होती.

शेलूपासून कर्जतपर्यंत नव्या इमारती झाल्या, आहेर पाकिटात गेले आणि कर्जतला नावं घालणारी गिऱ्हाइकं कमी झाली. मग दादा बाजाराच्या दिवशी कशेळ्याला जाऊन बसू लागला. वाड्यापाड्यांवरची माणसं तिथे अजून हंडे-कळशा घेतात आणि त्यांवर नाव हवंच असतं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी त्याला आणायला गेलो होतो, वहिनीही होत्या. संध्याकाळ व्हायला आली होती. वरच्या एका वाडीत लग्न होतं, तिथल्या दहा-बारा बायकांनी एकदम हंडे घेतले होते आणि दादाने दिवसभर बसून त्यांवर नावं घातली होती. बायका हंडे डोक्यावर घेऊन निघाल्या. मी दादाच्या समोर उभा होतो, रस्त्याकडे पाठ करून, आणि एका आमदाराच्या सत्कारात माझी कशी फजिती झाली ते रंगवून सांगत होतो. गोष्ट अगदी टोकाला आली होती. अचानक दादाचा हात वर गेला. तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. तोंड उघडं. वहिनीही तिकडेच बघत होत्या. मला वाटलं, गोष्ट रंगली! म्हणून मी आवाज चढवला. शेवट सांगितला, स्वतःच हसलो आणि मग मागे वळून पाहिलं. रस्ता, धूळ, एक उभी जीप. बायका वळणापलीकडे गेल्या होत्या.

"काय होतं?" मी विचारलं.

"गेलं," दादा म्हणाला.

"अरे, पण काय?"

"तू बोलत होतास."

वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं नाय, तर मी कशी सांगू?" दोन वर्षं मी त्याच्या मागे लागलो. रागावलो, लाडीगोडी लावली, स्वतःहून तर्क लढवले. साप? अपघात? कुणी ओळखीचं? दादा मान हलवायचा आणि हातोडी उचलायचा. आयुष्यभर हा माणूस काहीतरी दिसायची वाट बघत बसला, त्याला ते दिसलं तेव्हा मी दोन हातांवर होतो, आणि पाठमोरा. माझ्यासारख्या बोलघेवड्याला यापेक्षा मोठी शिक्षा कुठली?

मग त्याचं मूत्रपिंडाचं दुखणं सुरू झालं. बाजार सुटला. शेवटचा भेटलो तो जाण्याच्या साधारण महिनाभर आधी. खाटेवर उशीला टेकून बसला होता, मांडीवर कॅलेंडरचं जुनं पान, हातात पेन्सिल. मी आजारी माणसाकडे जावं तसा हळू आवाजात, मोजकं बोलत बसलो. तर वैतागला. "असा मेल्यासारखा काय बसलास? बोल की. नेहमीसारखा बोल." तीस वर्षांत तो मला पहिल्यांदा बोल म्हणत होता. मी सुटलो. हातवारे, आवाज, नकला, सगळं. तो मधूनमधून मान वर करून बघायचा आणि पुन्हा खाली घालायचा. एकदा फक्त म्हणाला, "जरा बाजूला तोंड कर. हां. आता उघड, पूर्ण उघड." मी समजलो, औषधाने भ्रम होतोय. तरीही बोलत राहिलो... निघताना त्याने पान उलटं करून उशीखाली ठेवलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वहिनींनी मला बजावलं होतं, "पाच मिनिटं, भावजी." मी चार मिनिटांत बसलो. जमलेल्यांना वाटलं, गहिवरलो. खरं तर शब्द होते, पण समोर पायरीवरचा पाट ठेवला होता आणि हातोडीचा ठेका नव्हता. नुसतं तोंड चालेना.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. टेबलावर बनियनचं गाठोडं होतं. "शेवटचा महिनाभर दुपारी टक् टक् चालू असायचं," त्या म्हणाल्या. "मला बघू दिलं नाय. म्हणाले, पम्या आल्यावर छापा." त्यांनी गाठोडं सोडलं. पत्रा ठिपक्यांनी भरला होता. नेलपॉलिश नाही, पाणी नाही; साधी छिन्नी आणि हातोडी, भांड्यावर घालतात तसं. लखलखत्या तांब्यावर डोळ्यांनी नीट काही कळत नव्हतं. वहिनींनी शाई लावली, मी कागद धरला, त्यांनी वाटीच्या बुडाने घासलं. कागद उचलला. सगळा काळा, आणि त्या काळ्यात जिथे जिथे छिन्नी बसली होती तिथे पांढरे ठिपके. चढणीचा रस्ता. एकामागे एक दहा-बारा बायका, पाठमोऱ्या. आणि प्रत्येकीच्या डोक्यावर उजेडाचा गोळा, इतका दाट ठिपक्यांचा की कागद जळेल असं वाटावं. मावळतीचं ऊन नव्या हंड्यांवर पडलं होतं. हंड्यांवर दिवसभर घातलेली नावं होती, पण ती वाचता येत नव्हती. नुसता उजेड चालला होता डोंगराकडे.

खाली कोपऱ्यात एक लहानसा माणूस. बायकांकडे पाठ. हात पसरलेले. आणि तोंड... पूर्ण उघडं.

वहिनी हसू लागल्या. इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले, आणि पुसता पुसता ते हसणं नुसतं हसणं राहिलं नाही. मीही तसाच.

त्या माणसाच्या पायाशी दोन ओळी होत्या. वाचायला गेलो, तर उलट्या. मी म्हणालो, "दादा विसरला की काय?" वहिनींनी पत्रा उचलून बघितला. "नाय," त्या म्हणाल्या. "वचन दिलं होतं. पत्र्यावर त्यांनी सुलटं घातलं. म्हणून कागदावर उलटं आलं." पत्रा त्यांच्या हातात होता; शाई लागल्यावर आता त्यावर सरळ वाचता आलं असतं. पण वहिनी उठल्या आणि आतून ते ताट घेऊन आल्या, खालापूरच्या लग्नातलं, राखून ठेवलेलं. चिंचेने घासून लखलखीत केलेलं. माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "जोडीची ताटं म्हणाला होतात ना? वाचा."

ताटात अक्षरं सुलटी झाली. टपोरी, बसवलेली. शेवटी शेवटी हात घसरला असणार, कारण एका अक्षराखाली एक फूल होतं.

*दिसलं. निर्मलाला पण दिसलं. पम्या बोलत होता.*
*त्यास सप्रेम भेट.*

पहिला छाप आणि ते ताट वहिनींनी मला दिलं, पत्रा त्यांच्याकडे. आता त्या रंग भरणार आहेत, एकेका छापात, सावकाश. "हंडे सोडून," म्हणाल्या. "हंड्यांना रंग नको." माझ्या घरी छाप फळीवर ठेवलाय आणि समोर ताट. येणाऱ्याला ताटात वाकून बघावं लागतं आणि तिथे त्याला आधी स्वतःचं तोंड दिसतं. आमच्या सौ.ची सोय झाली आहे. जेवताना मी फार वेळ बोललो की ती नुसतं फळीकडे बघते.

परवा बाजाराच्या दिवशी कशेळ्याला गेलो. काम काहीच नव्हतं. दादा बसायचा तिथे उभा राहिलो, या वेळी रस्त्याकडे तोंड करून. ऊन कलत होतं. ओळखीचा जीपवाला आला, म्हणाला, "काका, आज गप? बरं नाय का?" मी ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला शेजारी उभं केलं. दोन बायका हंडे घेऊन चढणीला लागल्या होत्या.